आठ ताटं, एक खोली

आठही ताटं नऊ नंबरच्या खोलीत गेली होती.

वृद्धाश्रमाच्या बाई तणतणत ऑफिसात आल्या. कॉम्प्युटरसमोर त्यांची भाची मान खाली घालून बसली होती. कालच दारांवरच्या पाट्या बदलल्या होत्या. दवाखान्याच्या खोलीला एक नंबर मिळाला आणि बाकीच्या खोल्या एकेकाने पुढे सरकल्या. यादीत माणूस आणि त्याची खोली अशा जोड्या होत्या. त्यातले नंबर बदलायला भाचीने छोटा प्रोग्राम लिहिला होता.

“आधी एकाचे दोन केले, मावशी. मग दोनाचे तीन. पण तोवर एकवालेही दोनमध्ये आलेले, तेही तीनमध्ये गेले. असे सगळेच नऊपर्यंत गेले. शेवटाकडून सुरुवात करायला हवी होती.”

“आणि वाढप्याला डोळे नाहीत?”

“तो म्हणतो, ताटावरच्या चिठ्ठीवर होतं तिथे ठेवलं.”

नऊ नंबरला घड्याळवाले आजोबा राहत. बायको गेल्यापासून तीन आठवडे त्यांचं ताट झाकलेलं जायचं आणि झाकलेलंच परत यायचं. डॉक्टरांनी आता हॉस्पिटलचं नाव काढलं होतं. अशा माणसापुढे आठ ताटं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोघी धावल्या. आपापलं ताट शोधत आलेले सातही जण व्हरांड्यातल्या खुर्च्या ओढून तिथेच जेवायला बसले होते. पथ्याचं ताट कुणाचं, यावरून जुंपली होती. आजोबा पलंगाच्या कडेला बसून चिठ्ठ्या वाचत निवाडा करत होते.

“हे तुमचं नाही. तुमचं बिनमिठाचं,” ते एकाला म्हणाले आणि पुढचा घास घेतला.

भाचीने तासाभरात यादी दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी प्रत्येक ताट बरोब्बर आपल्या खोलीत गेलं. नऊ नंबरचं झाकलेलं परत आलं.

मागोमाग आजोबा ऑफिसच्या दारात उभे राहिले.

“खोलीत सात खुर्च्या पडल्यात. कुणी न्यायला येणार आहे, की राहू देऊ?”

“राहू द्या,” बाई म्हणाल्या.

ते गेल्यावर त्यांनी ताटावरचं झाकण उचलून पाहिलं आणि पुन्हा ठेवलं.

“कालची ती चुकलेली यादी,” त्या भाचीला म्हणाल्या, “पुसलीस का गं?”