रोजनाम्यातली ओली ओळ

कोर्टाचा कागद कधी खोटं बोलत नाही, असं मधुसूदनराव सांगत. तिथंच कारकुनी केल्यानं तसं सांगणं भागच होतं. दूर पुण्यात नोकरीला असलेल्या त्यांच्या लेकीला, सावनीला, वाळूजचं स्थळ सांगून आलं, तेव्हा त्यांनी मुलाच्या आजोबांची नादारीची, म्हणजे दिवाळखोरीच्या अर्जाची, फाइल काढायला लावली.

“काका, पन्नास वर्षांत हिला कुणी शिवलं नाय,” रेकॉर्ड रूममधला गोकुळ म्हणाला.

रोजनाम्यात, फाइलीतल्या तारखांच्या नोंदींत, पानोपान एकच : ‘अर्जदार हजर. पुढील तारीख.’

शेवटच्या नोंदीची शाई बोटाला लागली : ‘मुलीचे वडील हजर. मुलीच्या नावाचा पुकारा केला.’

“गोकुळ, हे कुणी लिहिलं रे?”

तेवढ्यात व्हरांड्यात शिपाई ओरडला, “सावनी मधुसूदन हाजिर!”

“आले!” दाराबाहेरून सावनीचा आवाज आला.

सव्वादोन वाजले होते. जेवणाच्या सुट्टीत कोर्टात पुकारा होत नाही.