खाणीकडची वाट

माणूस कोणती टेकडी चढतो यावरून त्याची खरी पारख होते, असं श्यामसुंदररावांचं ठाम मत होतं. सध्या हे मत डाव्या पायासकट प्लास्टरमध्ये होतं. अकरा वर्षं टेकड्या चढून एकदाही न घसरलेले श्यामसुंदरराव बँकेच्या दोन पायऱ्या उतरताना पडले होते.

तरी टेकडीवर फिरणाऱ्या टोळीची रविवारची वाट ठरवण्याचा मान त्यांचाच. शनिवारी संध्याकाळी तिघं नारायण पेठेत त्यांच्या घरी जमले: कोथरूडचे जयसिंगराव, ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या पद्मजाताई आणि शेजारचे श्रीनिवास, जे सहसा बोलत नसत.

"उद्या वेताळ टेकडी," श्यामसुंदरराव म्हणाले. "खाणीकडच्या वाटेने."

"तिकडं काय ठेवलंय?" जयसिंगरावांनी विचारलं.

"मोर दिसतात."

"मोर आमच्या गच्चीवर येत्यात. चहा तेवढा मागत नाहीत."

"आणि ती वाट उन्हाची भाजते," पद्मजाताई म्हणाल्या. "पर्वती करू. पायऱ्या आहेत, वाद नाहीत."

पर्वती ठरली.

खाणीजवळ, कातळातल्या एका खळग्यात, श्यामसुंदररावांनी गेल्या पावसाळ्यात पांढरा चाफा लावला होता. पत्नी आनंदीबाईंना जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. गुडघ्याएवढ्या त्या काठीला ते दिवसाआड दोन बाटल्या पाणी घालत. हे कोणाला सांगायची सोय नव्हती. दोन वर्षांपूर्वी श्रीनिवास वडिलांच्या नावाने तिथे वड लावायचं म्हणाले, तेव्हा "ही टेकडी आहे, स्मशानभूमी नव्हे" असं श्यामसुंदररावांनीच सुनावलं होतं. वाक्य चांगलं जमलं होतं. आता तेच नडत होतं.

एप्रिल होता. पारा चाळिशीला टेकला होता. दाराशी दोन भरलेल्या बाटल्या उभ्या होत्या आणि श्यामसुंदरराव खुर्चीतून त्यांच्याकडे बघत बिनपाण्याचे दिवस मोजत होते. चार. सहा. नऊ. जरा डोळा लागला की स्वप्नात चाफा वाळायचा, म्हणून त्यांनी झोपणंही सोडलं.

पुढच्या शनिवारी त्यांनी डाव बदलला. पुण्यात एखादी गोष्ट करवून घ्यायची तर तिला मनाई करावी, एवढा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

"खाणीकडे अजिबात जायचं नाही," ते म्हणाले. "वाट खचली आहे."

"बरं. नाही जात," जयसिंगराव म्हणाले.

अकरा वर्षांत त्यांचं म्हणणं प्रथमच कोणी ऐकलं होतं.

शिवाय मंडळी बिघडत चालली होती. एरवी रोज एकत्र चढणारे हे लोक आता रविवार सोडला तर एकमेकांना भेटेनासे झाले. जयसिंगराव म्हणत, उजवा खांदा धरलाय, रोजचं चालणं बंद. खांद्याचा चालण्याशी काय संबंध, ते त्यांनी सांगितलं नाही. पद्मजाताई म्हणे संध्याकाळी संभाजी बागेत तीन फेऱ्या मारत. त्यांची पिशवी मात्र ठिबकत असे आणि त्या गेल्यावर फरशी पुसावी लागे. श्रीनिवास भर दुपारी डोकावत, मोज्यांना कुसळं चिकटलेली.

"कुठून येताय?"

"लक्ष्मी रोडवरून."

एका मोडलेल्या हाडापायी अकरा वर्षांची टोळी फुटली, एवढंच श्यामसुंदररावांना कळलं. कुसळांचा त्यांनी विचार केला नाही. त्यांच्या डोक्यात एकच आकडा होता. तो आता तिसाच्या पुढे गेला होता.

मे महिन्यात प्लास्टर निघालं. पंधरा दिवस सपाटीवरच चालायचं, असं डॉक्टरांनी बजावलं. त्याच शनिवारी श्यामसुंदररावांनी मंडळींना लांब धाडायची व्यवस्था केली.

"उद्या सिंहगड."

तिघांनी इतक्या चटकन माना डोलावल्या, की त्यांना जरा वाईटच वाटलं. साडेसातला निघायचं ठरलं.

रविवारी उजाडता उजाडता ते रिक्षा जाईल तिथवर रिक्षाने गेले. पुढची वाट काठी टेकत, दोन बाटल्या गळ्यात अडकवून चढले. पाच मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागला.

चाफा उभा होता.

श्यामसुंदररावांनी गळ्यातल्या बाटल्या उतरवल्या. मग बूट ओला लागला म्हणून त्यांनी खाली पाहिलं. खळगा काठोकाठ भरला होता. मे महिन्यात. त्यात एक बेडूक होता.

मागे पाचोळा वाजला. पद्मजाताई होत्या, हातात ठिबकणारी पिशवी. खाणीच्या अंगाने श्रीनिवास येत होते, बादली घेऊन. उजव्या खांद्यावर मोठा कॅन घेतलेले जयसिंगराव शेवटी आले आणि सगळ्यांना बघून थबकले.

"सिंहगडाला इकडून वाट आहे वाटतं," श्यामसुंदरराव म्हणाले.

"जायच्या आधी पाणी घालून जावं म्हटलं," जयसिंगराव म्हणाले. "वैनींचं झाड हाय. तुम्ही पडलात, मग घालणार कोण? मी रोज सकाळी येतो."

"रोज?" पद्मजाताईंनी विचारलं. "मी रोज संध्याकाळी येते."

"मी दुपारी," श्रीनिवास म्हणाले.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" श्यामसुंदररावांनी विचारलं.

"भरलेल्या बाटल्या घेऊन चढता, रिकाम्या घेऊन उतरता आणि मध्ये दहा मिनिटं दिसेनासे होता," पद्मजाताई म्हणाल्या. "सगळं विचारायलाच हवं का? आणि विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता, हेही ठाऊक होतं."

श्रीनिवासांनी बेडकाकडे पाहिलं.

श्यामसुंदररावांनी काठी डाव्या हातात घेतली. आधाराला म्हणून त्यांनी चाफ्याला हात लावला. बुंधा पिकल्या केळ्यासारखा दबला आणि चाफा मुळापासून सुटून त्यांच्या हातात आला.

सिंहगड रद्द झाला. चौघंही तसेच नर्सरीत गेले. वर्षभर रुजलेला चाफा उन्हाळ्यात पाण्यावाचून किती दिवस तग धरतो, असं श्यामसुंदररावांनी विचारलं.

"चाफा ना?" कुंड्या लावता लावता नर्सरीवाला म्हणाला. "त्याला पावसाळ्यापर्यंत पाणी लागत नाही."