धाकटे

पाचव्या खेपेलाही सायकलवाल्याने नाहीच म्हटले.

नर्सने लसीचा डबा दुकानाच्या पायरीवर आदळला. आतला बर्फ वितळत चालला होता आणि तिचे डोके तापत चालले होते. मागच्या गल्लीतले एक पोर घटसर्पाने दवाखान्यात पडले होते, आणि हा गृहस्थ पंक्चर काढता काढता तिला शहाणपण शिकवत होता.

“चालती सायकल मी कधी खोलत नाही, सिस्टर. पोरगी ठणठणीत आहे. उगाच सुई कशाला?”

चेनला तेल काय तुटल्यावर घालता का, हे तिने तिसऱ्या खेपेलाच विचारून पाहिले होते. तेव्हा तो खो खो हसला होता आणि चहा पाजून त्याने तिची बोळवण केली होती. आज तिने आकडाच तोंडावर फेकला.

“जगभरात पन्नास वर्षांत पंधरा कोटींवर जीव वाचलेत लसींनी. पंधरा कोटी!”

“असतील की. त्यातला एक आणून दाखवा.”

आता वाचलेले माणूस दाखवायचे तरी कसे? ते भाजी आणायला गेलेले असते, नाहीतर कुठेतरी दुकान थाटून नर्सशी हुज्जत घालत बसलेले असते. आजार दिसेनासे झाले, हाच जणू तिचा गुन्हा होता. तिला संतापाने रडू येऊ लागले.

“बरं, मेलेला तरी दाखवा,” त्याला आणखी चेव आला. “आमच्या घरात गेलाय का एक तरी घटसर्पाने? आमचे बाबा बघा. एकुलते एक. जन्मात सुई नाही टोचली. अठ्ठ्याहत्तर पुरी झाली, अजून वाकड्या चाकाचा आऊट काढतात.”

कोपऱ्यात स्टुलावर बसून बाबा चाक फिरवत होते. त्यांनी मान वर केली नाही. आतल्या दाराशी त्यांची सून उभी होती. तिला पुन्हा दिवस गेले होते. दोन वर्षांची नात तिच्या पायाला बिलगली होती. मागच्या चारही खेपांना सून अशीच गप्प उभी राहिली होती, आणि नर्सला तिचाही राग येत होता.

शेवटी नर्सने नकाराचा फॉर्म काढला. लस नको असेल तर घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाची त्यावर सही लागे. तिला या फॉर्मचा मनापासून तिटकारा होता.

“घरात मोठं कोण?”

“हे काय, धाकटे,” सायकलवाल्याने बाबांकडे बोट दाखवले.

“चेष्टा नकोय मला!”

“चेष्टा कसली? आजी त्यांना धाकट्या म्हणायची. अख्खी गल्ली धाकटेच म्हणते.”

नर्सचे पेन थांबले. ती अजून रागातच होती आणि रागातच तिने विचारले, “एकुलते एक ना? मग धाकटे कुणाचे?”

चाळीस वर्षांत हा प्रश्न सायकलवाल्याला कधी पडलाच नव्हता. त्याने बाबांकडे पाहिले.

बाबांनी हाताने चाक थांबवले.

“तिघांचा,” ते म्हणाले. “घटसर्प आला. आठ दिवसांत तिघंही गेले. मी अंगावर पीत होतो. आईने पुन्हा कधी त्यांचं नाव काढू दिलं नाही घरात. फक्त मला धाकट्या म्हणायची, तेवढं तिने सोडलं नाही.”

बाबांनी चिंधीला हात पुसले, नातीला जवळ बोलावून मांडीवर घेतले आणि तिच्या झग्याची बाही स्वतःच वर केली.

“टोचा, सिस्टर. या घरात थोरलं कुणी राहिलंच नाही. हिला तरी थोरली होऊ दे.”