शिक्का पडण्याआधी

“घराचं तोंड कुठं?”

“उगवतीला.”

“दारापुढं कसलं झाड?”

“बाभळ. न्हाई, न्हाई… चिंच.”

गहिनीनाथनं डोक्याला हात लावला. “बाभळ आपल्या दारात हाय. सूर्यभानच्या दारात चिंच. आत जाऊन अशी चुकलीस म्हंजे झालंच.”

दुष्काळी कामावर खडी फोडून मालनच्या हाताला घट्टे पडले होते. ते साहेबाला दिसू नयेत म्हणून तिनं हात पदराखाली घेतले. नगरच्या डाक बंगल्याच्या पडवीत दोघं सकाळपासून बसून होती. मुंबईच्या विलायती कचेरीतला साहेब दौऱ्यावर आला होता. ज्यांचे नवरे विलायतेत होते त्या बायकांना तो एकेक करून आत बोलवायचा आणि खरं-खोटं करायचा. खरं ठरलं तर व्हिसा, नाहीतर आल्या वाटेनं घरी.

सूर्यभान आणि गहिनीनाथ एका ताटात जेवून वाढलेले. सूर्यभान लष्करात मेकॅनिकी शिकला, तिथून बर्मिंगहॅमला गेला आणि एका कारखान्यात चिकटला. बायको-पोरीला बोलावून घ्यायचे कागद त्यानंच धाडले होते. वर चिठ्ठी होती, की पोरीला लवकर पाठव, इथं सरकारी दवाखान्यात इलाज होतो.

पोर गहिनीनाथच्या मांडीवर झोपली होती. जगावी म्हणून नाव कडू ठेवलं होतं, पण चार पावलं चालली की तिला धाप लागायची आणि ओठ जांभळासारखे व्हायचे. काळजाला भोक आहे, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. इथं काही होण्यासारखं नाही, हेही सांगितलं होतं. त्या दिवसापासून गहिनीनाथला दुसरं काही सुचत नव्हतं. तो रात्री उठून तिच्या नाकापुढं हात धरायचा.

दुभाषी बाई बाहेर आल्या. दीनाबाई त्यांचं नाव, इथल्याच मिशनच्या शाळेत शिकवायच्या. त्यांनी कडूकडं पाहिलं.

“मामाच्या मांडीवर बरी झोपलीय. चेहरा अगदी तुमचाच घेतलाय हो हिनं.”

“मामाच्या वळणावर गेलीया,” मालन पटकन म्हणाली.

गहिनीनाथनं मान डोलावली आणि कडूच्या तोंडावर टोपडं ओढलं.

“एक सांगून ठेवते,” दीनाबाई खाली बसत म्हणाल्या. “मागच्या खेपेला काष्टीची एक बाई आली होती. साहेबांनी नवऱ्याचं नाव विचारलं तर घेईचना. नाव घेतलं की धन्याचं आयुष्य कमी होतं, म्हणाली. मी परोपरीनं सांगितलं, पण साहेबांना वाटलं, हिला नावच ठाऊक नाही, नवराच खोटा. गेली बिचारी रडत. तुम्ही तसं करू नका.”

“मी घेईन की,” मालन म्हणाली. “त्यात काय?”

“शाबास. चला आता.”

दार पुरतं लागलं नाही. गहिनीनाथ फटीजवळ सरकून बसला. साहेबाचं इंग्रजी त्याला कळत नव्हतं, दीनाबाईंचं मराठी मात्र नीट ऐकू येत होतं.

“तुमच्या यजमानांचं नाव?”

“सूर्यभान.”

एकदाही न अडखळता ती बोलली. गहिनीनाथचा जीव भांड्यात पडला, पण त्याच वेळी काहीतरी खुपलंही. त्यानं कडूला छातीशी धरलं.

प्रश्न येत राहिले. नवरा शेवटचा कधी आला होता? सासरा कशानं गेला? म्हशी किती? घराचं तोंड कुठं? गहिनीनाथ प्रत्येक उत्तर मनात तिच्याआधी म्हणत होता.

“दारापुढं झाड कसलं?”

गहिनीनाथनं फटीला डोळा लावला.

“चिंच,” मालन म्हणाली.

साहेब काहीतरी हसून बोलला. खुर्ची सरकली. टेबलावर शिक्क्याची डबी उघडल्याचा आवाज झाला.

“झालं, बाई,” दीनाबाईंचा आवाज हलका झाला होता. “साहेब म्हणतात, पोरीला बरं वाटू दे. आता एवढं सांगा, मुंबईला विमानावर पोचवायला कोण येणार? त्यांचं नाव टिपून ठेवायचंय.”

“भाऊ येणार हाय. बाहेर बसलाय.”

“हो, पाहिलंय मी त्यांना. नाव काय त्यांचं?”

उत्तर आलं नाही.

गहिनीनाथ उठलाच. हे काही त्यांनी घोकलं नव्हतं. आपणच ओरडून सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात दारावरच्या शिपायानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. फटीतून त्याला मालनचे ओठ दिसत होते. ते हलले, मिटले, पुन्हा हलले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कडू कुशीत धापा टाकत होती.

साहेबानं शिक्का हातात तसाच धरून काहीतरी विचारलं.

“साहेब विचारतात, नाव आठवत नाही का?” दीनाबाई म्हणाल्या. मग त्यांनी दाराच्या फटीकडं पाहिलं, पुन्हा मालनकडं पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, “भावाचं नाव घ्यायला कसली अडचण, बाई?”

मालननं डोईवरचा पदर पुढं ओढला आणि मान खाली घातली. लग्नाच्या दिवसापासून तिनं गहिनीनाथचं नाव एकदाही ओठांवर आणलं नव्हतं.