तारेला लागलेली खाच

वापरून रिकाम्या झालेल्या काडतुसाच्या पितळी पुंगळीच्या आत, बुडापासून बोटभर उंचीवर, वाकवलेल्या तारेचं टोक किंचित अडलं. केसाएवढी खाच. ऑरिनने तार पुन्हा फिरवली. पुन्हा तिथंच अडली. पितळ आतून पातळ झालं होतं. पुढच्या बाराला पुंगळी तिथं तुटणार आणि तापलेला वायू मागे, रायफल चालवणाऱ्याच्या तोंडावर येणार.

समोर वेंडेल काट्यावर बंदुकीची दारू तोलत होता. काडतुसं भरणाऱ्याने आपल्या पुंगळ्या आपण तपासायच्या नाहीत, दुसऱ्याने तपासायच्या, हा दोघांचा बावीस वर्षांचा नेम.

"काय रे, डुलकी लागली का?" वेंडेल म्हणाला. "एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम परवा सुरू होतोय, पुढल्या वर्षी नाही."

ऑरिनने ती पुंगळी चांगल्या पुंगळ्यांच्या रांगेत ठेवली. सातवी.

हे काडतूस कुठल्याच कारखान्यात बनत नव्हतं. त्याचा आकार दोघांनी याच गॅरेजात, याच लेथवर घडवला होता. पण त्या काडतुसाने पहिला एल्क पाडला तो वेंडेलने, आणि सगळं बिटररूट खोरं काडतुसालाच 'वेंडेल' म्हणू लागलं. दुकानात लोक ऑरिनलाच विचारायचे, "वेंडेलला हे सुचलं तरी कसं?" तो हसून सांगायचा. घरी आला की घास गोड लागत नसे. एकदा तरी त्या नावाचा बार फसावा, एवढंच त्याला वाटायचं.

दारू पडली, गोळी बसली. सातव्या पुंगळीतही. ऑरिनने बोलायला तोंड उघडलं आणि कॉफीचा घोट घेतला.

विसावं काडतूस झाल्यावर वेंडेलने डबा बंद केला. भिंतीवरची रायफल उतरवली आणि दोन्ही ऑरिनपुढे ठेवली.

"यंदा तू जा. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आलाय, मला समोरचा डोंगरही धड दिसत नाही. आणि डब्यावर बघ जरा."

डब्यावरच्या चिठ्ठीवर वेंडेलच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'ऑरिन'.

"बावीस वर्षं माझं नाव मिरवलं. आता तुझं. तूच तपासलीयेत, म्हणून डोळे मिटून देतोय."

सातवं काडतूस वाटेत नदीत टाकता आलं असतं. कुणाला कळलंही नसतं. ऑरिनने डबा उघडला, ते काढलं आणि वेंडेलच्या तळहातावर ठेवलं.

"याच्या पुंगळीत तार अडली होती," तो म्हणाला. "हे तुझ्या तोंडाशी फुटावं म्हणून मी गप्प बसलो."