आठ बोटं

दोन हजार सात सालची गोष्ट. दुपारी अडीचच्या सुमाराला थोरल्याने छापखान्याचं दार आतून लावलं, संगणकाच्या पाठीत खोचलेलं कुलूप उपटलं आणि खिशात टाकलं.

कुलूप म्हणजे अंगठ्याएवढा एक तुकडा. धंद्यातले लोक त्याला डोंगल म्हणत. तो खोचलेला असेल तरच अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम चालायचा. नसेल, तर वर्षानुवर्षं टाइप केलेला मजकूर पडद्यावर मुंग्या सांडल्यासारखा दिसायचा.

"सही कर." त्याने कागद पुढे सरकवला. "छापखान्यातला हिस्सा सोडला म्हणून. मग कुलूप परत."

धाकटी बहीण खुर्चीतून उठली नाही. तिच्या मागे खिडकीशी म्हातारे मुद्रितशोधक बसले होते. सगळे त्यांना काना-मात्रा म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. कारागिरांच्या तोंडचे शब्द त्यांनी जन्मभर हिंडून गोळा केले होते आणि ती अकरा वर्षं तो कोश टाइप करत होती. कोश कुलपाआड आहे, हे थोरल्याला पक्कं ठाऊक होतं.

"दादा, कोशाचा आणि हिश्शाचा काय संबंध?"

"नाक दाबलं की तोंड उघडतं. एवढाच."

तिने संगणक सुरू केला. पडदा उजळला, पण नेहमीचा नव्हे. तिने दोन कळा दाबल्या आणि कोश उघडला. अक्षर न् अक्षर जागच्या जागी.

थोरल्याचा हात खिशाकडे गेला. कुलूप तिथेच होतं.

"हे कसं?"

"आठ महिने लागले. रोज जेवणाच्या सुट्टीत बसून, कुठली मुंगी म्हणजे कुठलं अक्षर, ते एकेक करून वहीत उतरवलं. आणि संगणकावर ही दुसरी प्रणाली घातली. हिला कुलूप नाही. कोणीही घ्यावी, आत डोकावून बघावं, हवी तशी बदलावी, दुसऱ्याला द्यावी."

"असं होय! फुकट ते पौष्टिक!"

"फुकट नाही, दादा. मोकळं."

"दोन्ही शब्द वेगळे आहेत," खिडकीतून काना-मात्रा म्हणाले. "कोशात बघ. उघडाच आहे."

तिला हसू आलं. तेवढं पुरलं.

कागदाच्या गठ्ठ्यावरचं लोखंडी वजन त्याने उचललं आणि कळफलकावर टेकलेल्या तिच्या उजव्या हातावर घातलं. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. कळा उडून भिंतीवर आदळल्या. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट भलत्याच दिशेला वळली होती आणि रक्त कळांच्या फटींत उतरत होतं.

दुसरा घाव पडद्यावर पडला. मग त्याने लाथ घालून खालचं खोकं आडवं केलं आणि पत्रा चेपून आत जाईपर्यंत त्यावर वजन घालत राहिला. लहानपणी डाव हरला की तो सोंगट्या दगडाने ठेचायचा. तेव्हाही जीभ अशीच दातांत धरलेली असायची.

"उघड आता! उघड तुझं मोकळं!"

"फोड," ती म्हणाली. हात पोटाशी दाबून धरला होता. "कोश आणखी चार घरी देऊन ठेवलाय. तिथेही कुलूप नाही."

वजन तिच्या डोक्याच्या दिशेने उठलं. काना-मात्रा उठले कधी आणि मध्ये आले कधी, ते कोणालाच कळलं नाही. सत्तरीचा माणूस, फुंकर मारली तर पडेल असा. वजन त्यांच्या खांद्यावर बसलं आणि ते गुडघ्यांवर कोसळले. एका हाताने ते फरशीवर चष्मा चाचपडू लागले.

"सहीचं राहिलं की रे," धापा टाकत ते म्हणाले. "हात तर मोडलास. आता ती सही कशाने करणार?"

थोरल्याने कागदाकडे पाहिलं. सहीच्या जागी लाल ठिपके पडले होते. वजन त्याच्या हातातून निसटलं.

घाव बसलेल्या बाजूचा काना-मात्रांचा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. कोश पुढच्या वर्षी छापून झाला, त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले. थोरला दीड वर्ष तुरुंगात होता. सुटल्यावर तो छापखान्याच्या रस्त्यालाही फिरकला नाही. कुलूप त्याच्याकडेच राहिलं. पुढे ते खोचायला खाच असलेले संगणकच मिळेनासे झाले.

तिची ती दोन बोटं परत मिटली नाहीत. म्हणून तिने कळांची मांडणीच बदलली, त्या दोन बोटांचं काम बाकीच्यांना वाटून दिलं. मोकळ्या प्रणालीत तसं करता येतं. मग ती मांडणी तिने सगळ्यांसाठी पाठवून दिली. तेव्हापासून जगाच्या पाठीवर कोणीही ती प्रणाली घेतली की मांडण्यांच्या यादीत अगदी तळाशी एक नाव दिसू लागलं: 'आठ बोटं'.

गेल्या वर्षी थोरल्याला झटका आला आणि त्याची उजवी बाजू गेली. सतरा वर्षांत पहिल्यांदा त्याचा फोन आला. जीभ जड झाली होती.

"पोरीने घरच्या संगणकावर तुझं तेच घातलंय. त्या फुकटच्यात नुसत्या डाव्या हाताची मांडणी निघते का गं?"

"फुकटच्यात नाही," ती म्हणाली आणि थांबली.

पलीकडे जड जीभ एका शब्दावर दोनदा अडखळली.

"मोकळ्यात," तो म्हणाला.

यादीत आता 'आठ बोटं'च्या खाली आणखी एक नाव आहे: 'पाच बोटं'.