न आलेले चेंडू

"या बाबाचा हात चेंडूला सबंध सामन्यात दोनदा लागला!" मेलबर्नच्या त्या छोट्याशा ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबचा प्रशिक्षक कागदावर बोट आपटत म्हणाला. "बचावात उभा राहून करतो काय हा? पुढच्या शनिवारी बाहेर."

तो आकडा शर्वाणीनंच लिहिला होता. तिथल्या फुटबॉलमध्ये चेंडू हातानंही झेलतात; कुणी किती झेलले, किती मारले, याच्या रेघा ओढणं हेच तिचं काम. त्यापलीकडे क्लबात तिच्याशी कुणी बोलत नसे.

"तो उभा असतो तिकडे समोरचा संघ चेंडू मारतच नाही," ती म्हणाली. "सतरा वेळा त्यांनी त्याला पाहून दिशा बदलली. मोजलंय मी."

"न आलेले चेंडू मोजायचे?" प्रशिक्षक हसला. "त्याला रकाना कुठाय?"

शनिवारी त्याच्या जागी नवा खेळाडू आला. समोरच्यांनी सगळा मारा त्याच बाजूनं केला. त्या नव्या खेळाडूनं पंधरा चेंडू झेलले. सुटले त्यांचे गोल झाले. क्लब हरला, आणि प्रशिक्षकानं पंधराच्या आकड्याखाली लाल रेघ ओढून नव्याची पाठ थोपटली. शर्वाणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कागद तिथंच टाकून ती बाहेर आली.

प्रेक्षक केव्हाच पांगले होते. रिकाम्या खुर्च्यांत जुना बचावपटू तेवढा एकटाच बसला होता.

"बघितलंस? आज सगळे माझ्याच कोपऱ्यात."

"तू असताना तिकडे कुणी फिरकत नव्हतं."

क्लबाकडून खेळलेल्या बारा वर्षांत त्याचं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं. शेजारच्या खुर्चीवरची आपली बॅग त्यानं उचलून मांडीवर घेतली आणि तिला बसायला जागा केली.